‘सायको’ आजही घाबरवतो का? सोलापुरातील प्रेक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही चित्रपटप्रेमी सोलापुरातील एका वाचनालयाच्या सभागृहात जुने चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवतो. आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९६० सालचा कृष्णधवल ‘सायको’ दाखवणार असे जाहीर झाले की तेच ते प्रश्न दूरध्वनीवर, जिन्यावर आणि चहाच्या वेळी विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. स्नानगृहातील खुनाची माहिती वाचकाला आहे असे यात गृहीत धरले आहे; अखेरचे रहस्य मात्र कोठेही सांगितलेले नाही, त्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनीही हे निर्धास्तपणे वाचावे.

आजचा प्रेक्षक हा चित्रपट पाहून खरोखर घाबरतो का?

१९६० सालचा अमेरिकी प्रेक्षक ज्या अर्थाने घाबरला, त्या अर्थाने बहुधा नाही. जाहिरातीत जिचा चेहरा ठळकपणे झळकत होता ती जॅनेट ली १०९ मिनिटांच्या चित्रपटात पाऊण तास उलटताच मारली जाते, हेच मुळात त्या काळी कोणाच्या कल्पनेत बसणारे नव्हते. तो धक्का आता शिल्लक नाही. पडद्याआडची सावली, उगारलेला सुरा आणि किंचाळणारी व्हायोलिने यांची नक्कल जाहिरातींपासून विनोदी कार्यक्रमांपर्यंत इतक्या ठिकाणी झाली आहे की मूळ चित्रपट न पाहिलेल्यालाही ते दृश्य पाहिल्यासारखे वाटते. शिवाय गेल्या काही दशकांतील भयपटांनी दचकवण्याचा वेग आणि आवाज दोन्ही चढते ठेवले आहेत. गड्ड्याच्या यात्रेत भूतबंगल्याच्या खेळात शिरल्यावर दर वळणावर जसे कोणीतरी अंगावर येते, तशी अपेक्षा ठेवून आलेल्या माणसाची येथे निराशा होईल, कारण दचकवणारी स्थळे संपूर्ण चित्रपटात मोजकीच आहेत.

तरीसुद्धा हा चित्रपट आजही भीती निर्माण करतो, असे आमचे ठाम मत आहे. फरक एवढाच की भीतीची जागा बदलली आहे. ती स्नानगृहातून उठून खुनानंतरच्या प्रसंगांत जाऊन बसली आहे, आणि तेथे तिला काळाचा फारसा उपसर्ग पोचलेला नाही.

खुनानंतर असे काय घडते?

बाहेरून पाहता फक्त साफसफाई घडते. मोटेलचा (रस्त्याकडेच्या लॉजचा) तरुण मालक नॉर्मन बेट्स धावत येतो, समोरचे दृश्य पाहून तोंडावर हात दाबतो आणि काही क्षणांनी बादली व फरशी पुसायचे झाडू घेऊन कामाला लागतो. हात धुणे, टब पुसणे, प्लॅस्टिकच्या पडद्यात मृतदेह गुंडाळणे, तो तिच्याच गाडीच्या डिकीत ठेवणे, मग खोलीभर फिरून तिच्या वस्तू गोळा करणे, असा हा प्रसंग जवळजवळ संवादाविना कित्येक मिनिटे चालतो. कॅमेरा घाई करत नाही. परिणामी आपण त्या तरुणाचे काम बारकाईने पाहू लागतो, आणि त्याच्या हातून एखादा डाग पुसायचा राहू नये अशी चिंता आपल्याही नकळत करू लागतो.

खोलीत एक घडी घातलेले वर्तमानपत्र आहे. त्यात मॅरियन क्रेनने (जॅनेट ली यांची भूमिका) आपल्या मालकाकडून चोरलेले ४०,००० डॉलर गुंडाळलेले आहेत. नॉर्मनला त्याची कल्पनाच नाही. खोलीवरून शेवटची नजर फिरवताना ते वर्तमानपत्र त्याला दिसते आणि तो ते उचलून डिकीत फेकून देतो. आमच्या सभागृहात या क्षणी मागच्या रांगेतून एका बाईंचा ‘अगं बाई, पैसे!’ हा उद्गार सर्वांना ऐकू आला होता आणि त्यावर अर्धे सभागृह हसले होते. एका स्त्रीचा खून होऊन काही मिनिटेही झालेली नाहीत, आणि सभागृहातील सज्जन माणसे नोटांसाठी हळहळत आहेत, हे हसणाऱ्यांच्या लक्षात येण्याआधीच पुढचे दृश्य सुरू होते.

नॉर्मन गाडी दलदलीत ढकलतो. ती हळूहळू खाली जाते आणि अर्धीअधिक बुडाल्यावर थांबते. तोंडात काहीतरी चघळत उभा असलेला नॉर्मन चघळणे थांबवतो आणि इकडेतिकडे पाहतो. गाडीचे छप्पर पाण्यावर तसेच चमकत राहते. त्या क्षणी प्रेक्षकाच्या मनात ‘बुड एकदाची’ एवढा एकच विचार असतो, आणि गाडी बुडते तेव्हा श्वास सुटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. पाऊण तास ज्या स्त्रीची काळजी वाहिली, तिचाच मृतदेह नाहीसा व्हावा अशी इच्छा दिग्दर्शकाने आपल्याकडून करून घेतली, ही जाणीव बऱ्याच जणांना घरी जाताना होते. या चित्रपटाची आजची भीती ती हीच. सुऱ्याला सरावता येते. पण आपली सहानुभूती इतक्या सहजपणे एका माणसाकडून दुसऱ्याकडे वळवता येते, याला सरावणे कठीण आहे.

रहस्य मला आधीच ठाऊक आहे. आता पाहण्यात काय अर्थ?

रहस्य ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला दुसराच चित्रपट दिसतो आणि आमच्या मते तो अधिक भयानक आहे. चित्रीकरणाच्या वेळी नॉर्मनची भूमिका करणारे अँथनी पर्किन्स अवघे २७ वर्षांचे होते. रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५९ सालच्या मूळ कादंबरीतील नॉर्मन चाळिशीचा, स्थूल आणि पाहताक्षणी नकोसा वाटणारा गृहस्थ आहे. पटकथाकार जोसेफ स्टेफानो आणि हिचकॉक यांनी त्याचा शिडशिडीत, लाजराबुजरा, बोलताना किंचित अडखळणारा मुलगा केला. तो पाहुणीसाठी सँडविच आणि दूध आणतो, खोली दाखवताना स्नानगृहाचे नाव घ्यायलाही संकोचतो. ज्याला शेवट माहीत आहे तो या प्रत्येक हालचालीकडे वेगळ्या नजरेने पाहतो, आणि आईविषयी तो बोलतो ती साधी वाक्ये त्याला दोन्ही अर्थांनी ऐकू येतात.

ज्यांना रहस्य ठाऊक नाही, अशांच्या शेजारी बसून ते न फोडण्याची जबाबदारी मात्र आपली आहे.

आपल्याकडे आंघोळ बादली-तांब्याने होते. शॉवरमधील प्रसंगाची भीती आपल्याला कशी वाटणार?

हा प्रश्न गमतीने विचारला जातो, पण तो योग्य आहे. भीती शॉवर नावाच्या उपकरणाची नाही. माणूस घरात सर्वांत असहाय कोठे असतो, याचा विचार केला की उत्तर मिळते: दार लोटलेले, अंगावर कपडे नाहीत, डोळ्यांत साबण, आणि पाण्याच्या आवाजात बाहेरची चाहूल लागत नाही. बादली असो वा शॉवर, या चारही गोष्टी तशाच राहतात. जॅनेट ली यांनीही पुढे सांगितले होते की स्वतःचे ते दृश्य पडद्यावर पाहिल्यानंतर त्या शॉवर घेणे टाळू लागल्या.

सोलापूरकरांची एक प्रतिक्रिया मात्र आमच्या माहितीप्रमाणे जगावेगळी आहे. खून झाल्यानंतरही शॉवर वाहतच राहतो, आणि ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे हे पाहवत नाही. ‘आधी तो नळ बंद करा’ अशी सूचना एका ज्येष्ठ प्रेक्षकाने पडद्याला उद्देशून केली होती.

त्या दृश्यात प्रत्यक्षात किती हिंसा दिसते?

वाटते त्यापेक्षा पुष्कळच कमी. खुनाचा प्रसंग सुमारे पाऊण मिनिटाचा आहे. त्याचे चित्रीकरण डिसेंबर १९५९ मध्ये आठवडाभर चालले, त्यासाठी कॅमेऱ्याच्या सत्तरहून अधिक मांडण्या झाल्या आणि संकलनात पन्नासच्या आसपास तुकडे एकमेकांना जोडले गेले. सुरा, हात, तोंड, पाय, फवारा, पाण्यात मिसळणारा गडद ओघळ, असे तुकडे इतक्या वेगाने येतात की जखम डोळ्यांऐवजी मन पूर्ण करते. ओघळ चॉकलेटच्या सिरपचा होता आणि सुरा शिरण्याचा आवाज खरबुजाच्या जातीच्या फळावर वार करून मिळवला होता. ही माहिती आम्ही चित्रपटाआधी सांगत असू; आता नंतर सांगतो, कारण आधी कळले की लोक पडद्यावर सिरप शोधत बसतात.

चित्रपट रंगीत का नाही? त्या काळी रंग उपलब्ध नव्हता का?

रंग उपलब्ध होता आणि हिचकॉक तो वापरतही होते. त्यांचा लगेच आधीचा, १९५९ सालचा चित्रपट रंगीत आणि खर्चिक होता. ‘सायको’च्या विषयाबद्दल पॅरामाउंट कंपनीला फारसा उत्साह नव्हता, म्हणून हिचकॉक यांनी स्वतःच्या कंपनीमार्फत पैसा उभा केला, दूरचित्रवाणीवरील आपल्या मालिकेचा सवयीचा चमू आणि छायाचित्रकार जॉन रसेल यांना सोबत घेतले आणि सुमारे ८ लाख डॉलरमध्ये काम पूर्ण केले. काटकसर हे कृष्णधवल चित्रीकरणाचे एक कारण होते. दुसरे कारण असे की लाल रक्ताने भरलेले ते दृश्य किळसवाणे झाले असते आणि सेन्सॉरच्या कचाट्यातूनही सुटले नसते.

परिणाम मात्र काटकसरीच्या पलीकडचा आहे. रंग नसल्यामुळे स्नानगृहाच्या पांढऱ्या टाइल्स डोळ्यांवर येतात आणि टेकडीवरचे घर आकाशावर कापून चिकटवल्यासारखे काळे दिसते. मॅरियन सुरुवातीला पांढऱ्या अंतर्वस्त्रांत आहे. पैसे उचलून निघण्याच्या तयारीत ती दिसते तेव्हा ती काळ्या अंतर्वस्त्रांत आहे. रंगीत चित्रपटात अशी खूण इतर रंगांच्या गर्दीत हरवून गेली असती.

पहिला पाऊण तास काहीच घडत नाही, असे ऐकले आहे. तो भाग कंटाळवाणा आहे का?

ज्याला खुनाची प्रतीक्षा आहे त्याला तो कंटाळवाणा वाटतो, हे मान्य करावे लागेल. आजच्या प्रेक्षकाशी चित्रपटाचे जे काही भांडण आहे ते येथेच आहे, आणि आमच्या अनुभवात मोबाईल बाहेर निघतात तेही याच भागात. परंतु हा भाग भयपटाची प्रस्तावना म्हणून पाहू नये. चोरी करून पळणाऱ्या एका साध्या नोकरदार बाईची गोष्ट म्हणून पाहावा. ‘शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारी २ वाजून ४३ मिनिटे’ अशी कोरडी नोंद पडद्यावर येते आणि फिनिक्स शहरातील एका हॉटेलच्या खोलीत आपण शिरतो. तिच्या प्रियकरावर कर्ज आहे, लग्न पुढे ढकलले जात आहे, आणि त्याच दुपारी तिचा मालक तिच्या हाती ४०,००० डॉलरची रोकड बँकेत भरण्यासाठी देतो. विश्वासू कारकुनाच्या हाती गल्ला सोपवण्याची पद्धत ज्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तेथे या प्रसंगाचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चाटी गल्लीतल्या एका व्यापाऱ्यांनी चित्रपट संपल्यावर खुन्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढी रक्कम पावतीशिवाय हातात दिलीच कशी, यावरच ते बराच वेळ बोलत होते.

पुढे रस्त्याकडेला गाडीत झोपलेल्या मॅरियनला काळ्या चष्म्याचा पोलीस काच वाजवून उठवतो. त्याचा चेहरा खिडकीभर पसरतो आणि चष्म्यामागचे डोळे दिसत नाहीत. तो वाईट काहीही करत नाही, उलट त्याचे वागणे रास्तच आहे, तरी आपल्या पोटात गोळा येतो. ती घाईघाईने जुनी गाडी देऊन वर ७०० डॉलर मोजून दुसरी गाडी घेते, आणि तो पोलीस रस्त्यापलीकडे उभा राहून हे सर्व पाहत असतो. एकही किंकाळी नसलेला हा भाग आम्हाला स्नानगृहाच्या दृश्याइतकाच मोलाचा वाटतो.

मग मोटेलच्या कार्यालयामागील बैठकीची खोली येते. भिंतींवर पेंढा भरलेले पक्षी आहेत. पंख पसरलेले घुबड नॉर्मनच्या डोक्यावर झडप घालायच्या पवित्र्यात आहे. मॅरियन खात आहे आणि दोघे बोलत बसले आहेत. नॉर्मनच्या आईला कोठेतरी ठेवता येणार नाही का, असे मॅरियन सहज सुचवते, आणि तोवर मागे रेलून बसलेला नॉर्मन पुढे झुकतो. आवाज फारसा चढत नाही, फक्त चेहऱ्यावरचा मुलगा नाहीसा होतो. चित्रपट घरी पाहणाऱ्यांनी निदान या एका प्रसंगात तरी भ्रमणध्वनी दूर ठेवावा.

मोबाईल आणि कॅमेरे असलेल्या काळात ही कथा पटते का?

पटते. नवा महामार्ग झाल्यामुळे जुन्या रस्त्यावर गिऱ्हाईक उरले नाही, ही नॉर्मनच्या मोटेलची व्यथा आहे. बाह्यवळण रस्ता झाल्यावर ओस पडलेले धाबे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या रिकाम्या बारा खोल्या खऱ्या वाटतात.

संगीत एवढे महत्त्वाचे का मानले जाते?

संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी या चित्रपटासाठी फक्त तंतुवाद्ये वापरली. पितळी वाद्ये नाहीत, ढोल नाहीत, बासरीही नाही. स्नानगृहाच्या प्रसंगाला संगीत नकोच, असे हिचकॉक यांचे आधी मत होते. हरमन यांनी तरीही ते रचून ऐकवले आणि हिचकॉक यांनी मत बदलले. व्हायोलिनच्या वरच्या पट्टीत ओढलेले ते फटकारे आज इतके परिचित झाले आहेत की काही प्रेक्षक ते सुरू होताच हसतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

खरी कमाल इतरत्र ऐकावी. मॅरियन पावसात गाडी चालवते त्या प्रसंगाचा आवाज घरी एकदा पूर्ण बंद करून पाहावा. एक स्त्री सुकाणू धरून बसली आहे, समोर दिवे येत-जात आहेत आणि काच पुसली जात आहे, यापलीकडे तेथे काहीही नाही. आवाज पुन्हा सुरू केला की त्याच चित्रांत धाप लागते.

तरुण प्रेक्षक मध्येच हसतात. चित्रपट कालबाह्य झाल्याचे हे लक्षण नाही का?

काही ठिकाणी तो कालबाह्य झालाच आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. गुप्तहेर जिन्यावरून मागच्या मागे कोसळतो तो प्रसंग आज कृत्रिम दिसतो. अभिनेता एका जागी बसून हात हलवत आहे आणि मागच्या पडद्यावर जिना सरकत आहे, हे सरावलेल्या डोळ्याला लगेच कळते. त्याच्या क्षणभर आधी छतावरून घेतलेले दृश्य मात्र अजूनही काळजात धस्स करते. अभ्यासकांपासून सामान्य प्रेक्षकांपर्यंत अनेकांना खटकणारी दुसरी जागा म्हणजे शेवटी मनोविकारतज्ज्ञाने दिलेले लांबलचक स्पष्टीकरण. एवढा वेळ प्रेक्षकावर विश्वास टाकणारा दिग्दर्शक अचानक फळ्यासमोर उभा राहून शिकवू लागतो. ते भाषण निम्म्याने कापले असते तरी चालले असते, असे आमच्यापैकी बहुतेकांना वाटते.

परंतु सगळेच हसणे उपहासाचे नसते. महाविद्यालयातील मुले घोळक्याने येतात तेव्हा ती पहिल्या अर्ध्या तासात मोठ्याने हसतात, बैठकीच्या खोलीतील प्रसंगात कमी हसतात आणि तळघराच्या पायऱ्या दिसू लागल्यावर अजिबात हसत नाहीत. ज्येष्ठ मंडळींनी त्यांना दटावू नये, अशी आमची विनंती असते.

१९९८ सालची रंगीत आवृत्ती दाखवता येईल का? ती नव्या पिढीला जवळची वाटेल.

दिग्दर्शक गस व्हॅन सँट यांनी जवळजवळ प्रत्येक दृश्य तसेच्या तसे ठेवून तो चित्रपट पुन्हा बनवला, चोरीची रक्कम काळानुसार ४,००,००० डॉलर केली आणि संगीतही मूळचेच वापरले. समीक्षकांनी तो नाकारला. तेच संवाद, तेच कोन आणि तेच सूर असूनही भीती उतरली नाही, ही गोष्ट अभ्यासण्यासारखी आहे, आणि तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग आहे. पर्किन्स यांच्या जागी मजबूत बांध्याचे व्हिन्स वॉन आले की नॉर्मनबद्दल प्रथमपासून सावध राहावेसे वाटते. ज्याच्याविषयी सावध आहोत त्याने ढकललेली गाडी बुडावी, असे कोणालाही वाटत नाही.

आपल्याकडील जुने कृष्णधवल हिंदी भयपट याच्या तुलनेत कसे वाटतात?

त्यांची भीती निराळ्या जातीची आहे आणि आजही ती मुरलेली लागते. कमाल अमरोही यांच्या १९४९ सालच्या ‘महल’मध्ये ‘आयेगा आनेवाला’ हे गाणे आधी दूरवरून येते आणि मग जवळ येते. लता मंगेशकर यांनी सांगितल्याप्रमाणे त्यासाठी त्या खोलीच्या कोपऱ्यातून गात गात ध्वनिग्राहकाकडे चालत आल्या होत्या. अंतराची ती जाणीव चांगल्या ध्वनिव्यवस्थेवर आजही मानेवरचे केस उभे करते.

१९६४ सालच्या राज खोसला यांच्या ‘वो कौन थी?’ची सुरुवात ‘सायको’च्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. दोन्हींत पावसाळी रात्र आहे, गाडी आहे आणि काच पुसणारे दांडे आहेत. मॅरियनच्या गाडीतील दांडे चालूनही तिला पुढचे दिसत नाही आणि ती वाट चुकते. मनोजकुमार यांच्या गाडीचे दांडे बंद पडतात, तेव्हा शेजारी बसलेली पांढऱ्या साडीतील साधना त्यांना रस्ता सांगू लागते आणि गाडी कब्रस्तानाशी नेते. आमच्या प्रेक्षकांपैकी अनेकांना, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांना, साधनाचीच भीती अधिक वाटते. लहानपणी ऐकलेल्या हडळीच्या गोष्टी त्यांच्या मदतीला येतात. मोटेलमधील एकाकी तरुणासाठी तशी कोणतीही गोष्ट मनात आधीपासून तयार नसते. त्याची भीती चित्रपटाला स्वतःच उभी करावी लागते. हिंदी चित्रपटांत गाणी मध्ये येऊन श्वास घेऊ देतात, हाही फरक लक्षात घ्यावा. ‘लग जा गले’ ऐकताना घाबरलेले राहणे कोणालाही शक्य नाही.

मुलांना सोबत आणावे का?

तेरा-चौदा वर्षांखालील मुलांना आणू नये. रक्तापेक्षा एकटेपणाचा ताण त्यांना जास्त त्रास देतो आणि पुढे काही दिवस आंघोळीच्या वेळी दार उघडे ठेवण्याचा हट्ट सुरू होतो, असे पालकांनीच आम्हाला सांगितले आहे.

हा चित्रपट मानसिक आजाराविषयी चुकीचा समज पसरवतो का?

काही प्रमाणात होय, आणि आमच्या दृष्टीने त्याच्यावरील हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. मानसिक आजार म्हणजे हिंसा, हे समीकरण रूढ करण्यात या चित्रपटाचा आणि विशेषतः त्याच्या असंख्य नकलांचा वाटा आहे. वास्तवात मानसिक आजार असलेली माणसे हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते. शेवटच्या भाषणातील मानसशास्त्र त्या काळच्या लोकप्रिय समजुतींवर उभे आहे. ते आजचे वैद्यकीय ज्ञान म्हणून ऐकू नये. चित्रपटानंतरच्या चर्चेत हा मुद्दा आम्ही आवर्जून घेतो. घरात कोणी उपचार घेत असेल आणि प्रेक्षकांमधील ‘वेडा’, ‘येडं’ अशा शेरेबाजीचा त्रास होणार असेल, तर चित्रपट घरी पाहणे बरे.

इंग्रजी नीट समजत नाही. चित्रपट कळेल का?

कळेल. पडद्यावर इंग्रजी उपशीर्षके असतात आणि सुरुवातीला मराठीत दहा मिनिटांची ओळख करून दिली जाते. सर्वांत महत्त्वाचे प्रसंग जवळजवळ मूक आहेत. शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या काही आजी इंग्रजीचा एक शब्द न कळताही गाडी बुडण्याच्या दृश्यात इतरांबरोबरच सुटकेचा श्वास सोडतात.

घरी दूरचित्रवाणी संचावर पाहिला तर तोच परिणाम होतो का?

थोडी काळजी घेतली तर बऱ्याच अंशी होतो. नव्या संचांत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते. ती सुरू राहिली तर जुना चित्रपट कालच्या मालिकेसारखा दिसतो, म्हणून ती बंद करावी. चित्राची चमक आणि रंगांचा भडकपणा कमी ठेवावा, नाहीतर काळ्या जागी राखाडी दिसते आणि जिन्यावरचा अंधार नाहीसा होतो. उन्हाळ्यात सोलापुरात सात वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे तेव्हा साडेसातच्या आधी सुरुवात करू नये. पंखा पाच क्रमांकावर असेल तर तंतुवाद्यांचे दबके सूर ऐकू येत नाहीत. मे महिन्यात पंखा कमी करा असे सुचवण्याचे धाडस आम्ही करत नाही, आवाज वाढवावा. एकट्याने पाहायचा की घोळक्याने, याबद्दल आमच्यात एकमत नाही. दचकायचे असेल तर एकट्याने पाहावा. आपली सहानुभूती कशी फिरवली जाते हे अनुभवायचे असेल तर चारचौघांत पाहावा, कारण दुसऱ्याचा सुटलेला श्वास ऐकू आल्याखेरीज स्वतःचा लक्षात येत नाही.

यायला उशीर झाला तर आत सोडता का?

नाही. १९६० साली हिचकॉक यांनी चित्रगृहांना तसा नियमच घालून दिला होता: चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही प्रवेश नाही. त्यासाठी फलक लावले गेले आणि लोक रांगेत थांबले. जाहिरातीची युक्ती त्यात होतीच, पण कारणही खरे होते. उशिरा आलेला प्रेक्षक जॅनेट ली कोठे आहे हे शोधत बसला असता. आमच्याकडे ‘सात रस्त्यापर्यंत आलोय, पाच मिनिटांत पोचतो’ असे दूरध्वनी चित्रपट सुरू झाल्यावरही येत राहतात. अशा मंडळींनी पुढच्या प्रदर्शनाला यावे. गड्ड्याच्या दिवसांत मात्र प्रदर्शन ठेवले जात नाही, कारण त्या आठवड्यात वेळेवर येणारेही यात्रेच्या होम मैदानावर असतात.